विरोधी तत्त्वं आणि मधलं कपाट

सारातोव शहरात घटस्फोट मिळायला फारसा वेळ लागत नसे. वेगळी खोली मिळायला मात्र अख्खा जन्म जायचा. त्यामुळे इनोकेंती ल्वोविच प्र्याखिन आणि त्याची माजी बायको रिम्मा सावेल्येव्ना कायद्याने वेगळे होऊन तीन वर्षं झाली, तरी राहत होते एकाच खोलीत. मध्ये एक कपाट उभं होतं.

कपाट रिम्माच्या आईचं, ओकचं, एखाद्या गाभण म्हशीएवढं. ते खोलीच्या मधोमध आडवं लावल्यावर दार इनोकेंतीच्या वाट्याला आलं आणि खिडकी रिम्माच्या. म्हणजे तिला बाहेर जायचं तर त्याच्या पलंगाला वळसा घालून, आणि त्याला दिवसाउजेडी पेपर वाचायचा तर तिच्या मेहेरबानीवर. त्यात कपाटाचं तोंड तिच्याकडे होतं. त्याच्या नशिबी कपाटाची पाठ, आणि त्याच्या पँटी तिच्या बाजूला. रोज सकाळी चड्डीवर उभं राहून त्याला लाकडावर टकटक करावी लागे.

"रिम्मा, माझी करडी पँट."

"करडी धुवायला टाकलीय. तपकिरी घाल. आणि पोट आत घे, बटण तुटेल."

तिला तो दिसत नसे, पण पोटाचं तिला बरोबर कळे.

इनोकेंती रस्ते आणि पूल बांधायला शिकवणाऱ्या संस्थेत द्वंद्वात्मक भौतिकवाद शिकवायचा. या विषयात पास झाल्याशिवाय त्या देशात कुणाला पूल बांधता येत नसे, दात उपटता येत नसे, की सरकारी वाद्यवृंदात तुतारी फुंकता येत नसे. त्यामुळे त्याचे वर्ग कायम भरलेले असत आणि मागचे तीन बाक कायम झोपलेले असत. पहिलं व्याख्यान सप्टेंबरात. त्यासाठी तो बाजारातून कलिंगड आणायचा, टेबलावर आपटून ठेवायचा आणि विचारायचा, "हे काय आहे?"

"कलिंगड," वर्ग म्हणायचा.

"चूक. ही एक प्रक्रिया आहे."

मग तो सांगायचा. आधी वस्तू, मग तिच्याबद्दलचा विचार. कलिंगड आहे म्हणून तोंडाला पाणी सुटतं, तोंडाला पाणी सुटलं म्हणून कलिंगड उगवत नाही. कुठलीही वस्तू गप्प बसलेली नसते. तिच्या पोटातच तिचा विरोधक वाढत असतो, आणि त्या दोघांच्या भांडणातूनच ती पुढे सरकते. ऊन थोडं थोडं साठत जातं, काल कच्चं होतं ते आज पिकतं. साठणं हळूहळू, बदलणं एकदम. बी मरतं तेव्हा वेल होतो. म्हणजे वेलाने बीला नकार दिला. वेल सुकतो तेव्हा पुन्हा बी येतं. म्हणजे त्या नकारालाही नकार मिळाला. पण मित्रहो, हे पहिलं बी नव्हे. एका बीच्या जागी शेकडो आली. गोष्टी फिरून जुन्या जागी येतात असं वाटतं, पण येतात वरच्या मजल्यावर. आणि हे सगळं खरं की खोटं, ते खुर्चीत बसून ठरत नाही, करून बघितल्यावर ठरतं. एवढं झाल्यावर कलिंगड कापलं जायचं. तेवढ्यापुरता मागचा बाकसुद्धा जागा व्हायचा.

शिकवायचा छानच. आणि घटस्फोटही त्यामुळेच झाला.

रिम्मा सरकारी दवाखान्यात डोळ्यांची डॉक्टर. तिच्या वाढदिवसाला तिच्या दवाखान्यातली माणसं जेवायला आली होती. तिसऱ्या ग्लासानंतर भूल देणाऱ्या डॉक्टरणीने सहज विचारलं, "इनोकेंती ल्वोविच, तुमचं रिम्मावर प्रेम आहे ना हो?" दुसरा कुठलाही नवरा "आहे की" म्हणून लोणच्याच्या काकडीकडे वळला असता. इनोकेंती म्हणाला, "प्रश्न चुकीच्या पद्धतीने मांडलाय." आणि भावना हे भौतिक परिस्थितीचं जाणिवेतलं प्रतिबिंब कसं असतं, हे त्याने सूप थंड होईपर्यंत समजावून सांगितलं. रिम्मा शेवटपर्यंत पाहुण्यांना वाढत राहिली. पुढच्याच आठवड्यात तिने अर्ज दिला. कोर्टात कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "भौतिक परिस्थिती."

तेव्हापासून ती खोलीची अदलाबदल शोधत होती. तिथली रीतच तशी. खोली विकायची नाही, घ्यायची नाही, बदलायची. ज्यांच्याकडे दोन लहान खोल्या आहेत आणि एक मोठी हवी आहे, असं कुणीतरी गाठायचं. रिम्मा हाताने जाहिराती लिहायची, खालच्या बाजूला पत्त्याच्या झिरमिळ्या कापायची आणि ट्रामच्या खांबांवर चिकटवायची. "एक मोठी खोली, उंच छत, देऊन दोन खोल्या हव्यात." लोक झिरमिळी फाडून घेऊन यायचे, बहुधा ती दवाखान्यात असताना, आणि खोली दाखवायचं काम इनोकेंतीकडे यायचं.

तो दाखवायचाही मनापासून. "एका बाजूने पाहिलं तर छत उंच आहे," तो म्हणायचा. "दुसऱ्या बाजूने पाहिलं तर ऊब सगळी तिथेच जाऊन बसते. जानेवारीत आम्ही आळीपाळीने शिडीवर बसतो." मग आवाज खाली आणून ढेकणांचा विषय. ढेकूण नव्हते. पण ढेकणांबद्दल इतक्या आपुलकीने बोलणारा माणूस पाहिला की लोकांना आपोआप खाज सुटायची. आलेली माणसं टोप्या घालून निघून जायची, आणि संध्याकाळी रिम्मा विचारायची, "काय म्हणाले?"

"विचार करतो म्हणाले."

"नशीबच फुटकं माझं," ती म्हणायची आणि नव्या जाहिराती लिहायला बसायची.

हे सगळं सामाईक स्वयंपाकघरातून कपितोलिना फोमिनिच्ना ऐकत असायची. ती शेजारच्या खोलीतली म्हातारी. ट्रामवर तिकिटं फाडण्यात तिचा जन्म गेलेला, त्यामुळे अख्ख्या डब्याला ऐकू जाईल एवढाच एक आवाज तिला येत होता. एकदा बटाटे सोलता सोलता तिने इनोकेंतीला पकडलं.

"बाबा रे, तुला ती हवीय का नकोय?"

"कपितोलिना फोमिनिच्ना, हळू बोला."

"मी हळूच बोलतेय. हवीय ना? मग तिला सांग की. उगाच माझ्या घरात ढेकूण कशाला सोडतोस?"

"प्रश्न इतका सोपा नाही."

"प्रश्न सोपाच आहे रे, तूच अवघड आहेस." तिने बटाट्याचा डोळा सुरीच्या टोकाने काढून टाकला. "मी तीन नवरे पुरले, एकानेही मला कधी प्रश्न मांडून दाखवला नाही."

त्याला रिम्मा हवी होती, यात संशय नव्हता. कपाटापलीकडून तिच्या चमच्याचा ग्लासात होणारा आवाज थांबला की त्याला वाचता येत नसे. तिला खोकला झाला की त्याचा घसा दुखायचा. एखादं मोठं कुटुंब खोली बघायला आलं की तो ढेकणांची संख्या वाढवायचा. पण हे म्हणायचं कसं? आयुष्यभर त्याने कुठलंही वाक्य "एका बाजूने" असं म्हटल्याशिवाय सुरू केलं नव्हतं, आणि या वाक्याला दुसरी बाजूच नव्हती.

तिमूर गालिमोव आला तो याच सुमारास. ट्रॉलीबसच्या आगारात दुरुस्ती करणारा, रुंद खांद्यांचा, संध्याकाळच्या वर्गाला येणारा आणि मागच्या बाकावर बसणारा. सोबत त्याची नवी बायको लिलिया, पोटुशी. त्याची एक खोली सारातोवात, रेल्वे स्टेशनजवळ. तिची पुलापलीकडे, व्होल्गेच्या दुसऱ्या काठावरच्या गावात. लग्न होऊन आठ महिने झाले होते आणि दोघं एकमेकांना ट्रॉलीबसने भेटत होते.

"सर, तुम्ही?" दार उघडल्यावर तिमूर म्हणाला. "अरे वा. म्हणजे खोली ओळखीतलीच निघाली."

इनोकेंतीने कंबर कसली. छत दाखवलं.

"मी छताखाली फळ्या मारून घेईन," तिमूर म्हणाला.

ढेकूण सांगितले.

"रॉकेल."

कपितोलिना फोमिनिच्नाचा आवाज ऐकवला. म्हातारीने लिलियाच्या पोटाकडे एकदा पाहिलं, तिला स्टुलावर बसवलं आणि समोर वाटीभर जॅम ठेवला. तो मार्गही बंद झाला.

तेव्हा इनोकेंतीने शेवटचं हत्यार काढलं. "तिमूर, विचार कर. लग्न म्हणजे विरोधी तत्त्वांची एकता. सध्या तुम्ही दोन काठांवर आहात म्हणून संघर्ष मर्यादित आहे. एका खोलीत आलात की तो वाढेल."

तिमूरने कान खाजवला. "सर, खरं सांगू? मला तुमच्या विषयातलं फारसं कळत नाही. कलिंगड तेवढं आवडलं. पण गेल्या गुरुवारी तुम्ही म्हणालात की भांडण टाळून बसलं की वस्तू सडते. मी ते लिहून घेतलं, बायकोला वाचून दाखवलं, म्हणून तर ही इथं यायला तयार झाली. ते फक्त परीक्षेपुरतं होतं का?"

नेमकी त्याच वेळी दवाखान्यातून परतलेली रिम्मा दारात उभी राहिली. तिने एकदा तिमूरकडे पाहिलं, एकदा लिलियाच्या पोटाकडे, आणि पायातले बूटही न काढता म्हणाली, "ठरलं. आम्ही देतो."

मग आठवडाभर कपाटाच्या दोन्ही बाजूंनी भांडण चाललं ते कुणी कुठे जायचं यावर. पलीकडच्या गावाचं नाव इनोकेंतीच्याच विषयातल्या एका थोर दाढीवाल्याच्या नावावरून ठेवलेलं होतं, आणि इनोकेंती तिथे जायला तयार नव्हता.

"पोट त्याच्यावर भरतोस," रिम्मा कपाटापलीकडून म्हणाली. "त्याच्या गावात राहायला काय होतं?"

"तिथे वाचनालय नाही."

"तुला वाचनालय कशाला हवंय? बावीस वर्षं तेच कलिंगड कापतोयस."

त्याने पेपराची घडी घातली. मग ती म्हणाली, "जाऊ दे. मीच जाते तिकडे." तिचा आवाज इतका थकलेला होता की त्याला खिडकीतून उडी मारावीशी वाटली, पण खिडकी तिच्या बाजूला होती.

अदलाबदलीच्या कचेरीत सकाळपासूनच रांग होती. त्या शहरातली रांग म्हणजे नुसती माणसं नव्हेत. ते न्यायालय, नाटकगृह आणि नातेवाईक असं तिन्ही एकदम असतं. चौघांचा नंबर आला. खिडकीमागच्या बाईने चष्म्यातून चौघांना पाहिलं आणि रोज विचारते तसं कंटाळून विचारलं, "चौघांची संमती? कुणाची हरकत?"

"एका बाजूने," इनोकेंती म्हणाला.

लिलियाने तिमूरचा हात पकडला. रांगेत कुजबुज झाली.

"एका बाजूने पाहिलं तर वस्तुस्थिती अशी आहे, की दीर्घ सहवासातून जे साठत जातं, त्याचं गुणात्मक..."

"केशा," रिम्मा म्हणाली. तीन वर्षांत तिने त्याला या नावाने हाक मारली नव्हती. "एका वाक्यात."

"एका वाक्यात ते मांडता येत नाही."

"मग मांडू नकोस. नुसतं सांग."

नवा झाडू बगलेत धरलेला एक माणूस रांगेतून म्हणाला, "बोलू द्या हो त्याला, बाई. घामाघूम झालाय बिचारा."

"त्याला बावीस वर्षं बोलू दिलंय," रिम्मा झाडूवाल्याला म्हणाली. मग इनोकेंतीकडे वळली आणि आवाज अजिबात न चढवता म्हणाली, "पहिले चार-पाच जण पळाले तेव्हा मला वाटलं, नशीब. मग एकदा मला ताप आला होता आणि मी कपाटामागे पडून होते. तुला वाटलं मी कामावर आहे. तू एका चित्रकार जोडप्याला शिडीवर बसायची गोष्ट सांगितलीस आणि ती दोघं माझ्या बाजूला यायच्या आतच पळाली. मी उशी तोंडात धरून हसले. नंतर रडले. आणि दुसऱ्या दिवशी नव्या जाहिराती लावल्या."

"तुला माहीत होतं?"

"सगळं."

"मग इतकी माणसं का आणलीस?"

"वाट बघत होते. म्हटलं, एक ना एक दिवस हा माणूस ढेकणांचं सोडून खरं कारण सांगेल. मला नाही सांगितलं, तरी निदान त्या लोकांना सांगेल, की मला ही खोली द्यायची नाही कारण पलीकडे ती राहते. मी ऐकलं असतं. कपाटामागून नीट ऐकू येतं."

खिडकीमागच्या बाईने शिक्का हवेतच धरून ठेवला होता.

बावीस वर्षं इनोकेंतीने पोरांना सांगितलं होतं की साठणं हळूहळू असतं आणि बदलणं एकदम. पण ते एकदम होतं तेव्हा तोंडातून पहिला शब्द कसा काढायचा, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"तू जाऊ नकोस," तो म्हणाला. "मला तू हवी आहेस. तुझ्याशिवाय मला राहता येत नाही. दुसरी बाजू नाहीय याला."

झाडूवाल्याने टोपी काढली. मागून कुठल्याशा बाईने नाक शिंकरलं. तिमूर मात्र पांढराफटक पडला होता, कारण सरांचं हे वाक्य खरं ठरलं तर त्याची खोली गेली. लिलिया एका हाताने पोट धरून जमिनीकडे पाहत होती.

रिम्माने डोळे पुसले. डोळ्यांची डॉक्टर असूनही तिने ते मनगटाने, रोग्यांना करू नका म्हणून सांगते तसेच पुसले.

"चला," ती म्हणाली. "आता सही कर."

"काय?"

"सही. या पोरीला सहा आठवड्यांत बाळ होईल. तिला काय पुलावर बाळंत व्हायला लावतोस?"

"पण मी आत्ताच तर सांगितलं..."

"सांगितलंस. मी ऐकलं. त्यासाठी मी तीन वर्षं त्या अर्ध्या खोलीत काढली, उशीर झाला म्हणून ते काही वाया गेलं नाही. पण मी आता कपाटामागे परत जाणार नाही, केशा. कपाट काढून जुन्या बिऱ्हाडातही जाणार नाही. तिथे तू पुन्हा प्रश्न मांडायला लागशील. वर्गात काय ओरडतोस तू? फिरून येतं ते पहिलं बी नसतं. मग दुसरं घेऊन ये. मी बघीन."

"कुठे घेऊन येऊ?"

"माझ्या दाराशी."

"अहो, शिक्का मारू का नको?" खिडकीमागची बाई म्हणाली. "मागे लोक आहेत."

"मारा," इनोकेंती म्हणाला. सही करताना तो रिम्माला म्हणाला, "स्टेशनजवळची खोली तू घे. दवाखाना जवळ पडेल. मी जातो पलीकडे."

"वाचनालय नाहीय तिथे."

"नसू दे."

तिमूरने त्याचा हात इतक्या जोरात दाबला की बोटं दुखली. "सर, परीक्षेत मला यातलंच काहीतरी विचारा ना," तो म्हणाला. त्याला सरांनी पुढे नापास केलं आणि दुसऱ्यांदा पास केलं, पण ती गोष्ट वेगळी.

कपाट नव्या खोल्यांपैकी एकाही दारातून आत जाईना, म्हणून ते तिमूर आणि लिलियाकडेच राहिलं. भिंतीला लावून. त्यात बाळाची दुपटी आली. इनोकेंती दाढीवाल्याच्या गावी गेला. तिथली खोली लहान होती, पण तिला दारही होतं आणि खिडकीही, आणि दोन्ही त्याचीच. पहिल्या दिवशी तो भर दुपारी खिडकीशी पेपर घेऊन बसला आणि एक ओळ वाचू शकला नाही. पलीकडे कुणी चमचा ढवळत नव्हतं. करडी पँट त्याने स्वतःच शोधली, घातली, पोट आत घेतलं, आणि ते कुणाला कळलं नाही. आयुष्यात इतका मोकळा आणि इतका दुःखी तो कधीच नव्हता.

रविवारी तो ट्रॉलीबसमध्ये बसला. पूल लांबलचक, खाली व्होल्गा करडी आणि रुंद. अर्ध्या पुलावर त्याच्या लक्षात आलं की आपण काहीच पाठ केलेलं नाही. पहिलं वाक्य नाही, मुद्दे नाहीत, उदाहरण नाही. घाईत हातात काही घ्यायचंही राहून गेलं होतं, आणि तिकडे कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जाणं म्हणजे लाजच. परत फिरावं असं त्याला दोनदा वाटलं. पण ट्रॉलीबस आपल्या तारांना धरून पुढे जात राहिली.

स्टेशनजवळच्या त्या दारासमोर तो बराच वेळ उभा राहिला. आतून पाणी वाहण्याचा आवाज येत होता. त्याने दार वाजवलं. पाणी थांबलं, पावलं आली, दार उघडलं. रिम्माचे हात कोपरापर्यंत ओले होते. तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. तीन वर्षांत दोघंच, मध्ये काहीही नसताना, असे समोरासमोर उभे राहिले नव्हते.

"बोल," ती म्हणाली.

इनोकेंतीने तोंड उघडलं.

"मला भीती वाटतेय," तो म्हणाला.

"कशाची?"

"तू दार लावून घेशील याची."

रिम्मा बाजूला सरकली. "मग बाहेर कशाला उभा आहेस?" ती म्हणाली. "मी लावायच्या आधी आत ये."